लाइट आहे का तिकडे

चियातुरात त्सिसानाच्या औषधाच्या दुकानाला
कागद चिकटवलाय: हिपॅटायटिस सी, तपासणी मोफत,
नाव सांगायची गरज नाही.
गरज नाही म्हणे.
त्सिसाना माझ्या मावसबहिणीची नणंद.
"ये मुर्मान," ती म्हणाली, "कुठलं बोट देतोस?"

मी गुडघ्याचं मलम घ्यायला गेलो होतो.

करंगळीशेजारचं दिलं.
वीस वर्षं मँगेनीज उपसून कातडीची झालीय चप्पल,
पहिली सुई आत शिरलीच नाही.
दुसरीला रक्त आलं, थेंबभर, काळसर,
इतकं लगेच, की दाराआड उभंच होतं कुणी.

पट्टीवर तो थेंब. त्यावर पाण्यासारखं औषध.
"वीस मिनिटं," म्हणाली, आणि अंडी उकडताना लावतात ते
कोंबडीच्या आकाराचं घड्याळ पिळून ठेवलं.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात चियातुरात वीज नव्हती.
रोपवेचे पाळणे दरीवर मधेच लटकलेले,
खाण बंद, शाळा बंद,
पावाच्या रांगेत माणूस ओळखायचा तो आवाजावरून.
आम्ही तिघं. बद्री, जुंबेर, मी.
जुंबेरच्या तळघरात एक मेणबत्ती, एक चमचा
आणि एक सिरिंज, काचेची.
त्याची आई नर्स होती.
सिरिंज उकळून घ्यायची असते हे त्याला ठाऊक होतं.
उकळायला गॅस नव्हता.
सहा वेळा. फार तर सात.
मग मला भीती वाटली, की लाज, की पैसे संपले,
आता ते वेगवेगळं करता येत नाही.

जुंबेरला जाऊन नऊ वर्षं झाली.
पोटाचा नगारा, आणि डोळे
आम्ही कालवणात घालतो त्या वाळल्या झेंडूसारखे.
चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात उभा राहून
मीच म्हणालो, दारूने नेला बिचाऱ्याला.
सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पेले रिते केले.
दारूचं बरं असतं, ती उलटून बोलत नाही.

यकृत दुखत नाही, त्सिसाना सांगते, हीच त्याची खोड.
निम्मं संपलं तरी ब्र काढत नाही.
काळीज दुखतं, ते निराळं.

कोंबडी वाजली.
दोन रेघा. एक ठळक,
दुसरी पेन्सिलीने ओढून खोडल्यासारखी.
"फिकट आहे," मी म्हणालो.
"फिकट म्हणजे आहेच," ती म्हणाली.
मग खुर्ची ओढून नीट समजावलं:
याचा अर्थ एवढाच की पाहुणा कधीतरी आला होता,
घराला त्याची आठवण आहे.
अजून आत बसलाय का ते दुसऱ्या तपासणीत कळेल,
शिरेतल्या रक्तात. त्यालाही पैसे नाहीत.
बसला असला तर गोळ्या आहेत, बारा आठवडे,
बहुतेकदा उठून जातो.

पाहुणा देवाने धाडलेला, असं आमच्यात म्हणतात.
किती दिवस मुक्काम, हे विचारायची रीत नाही.
मी एकतीस वर्षं विचारलं नाही.

मलम राहिलंच.
पुलावर थांबलो. खाली क्विरिला, नेहमीसारखी काळी.
बायकोला आधी सांगायला हवं, हे कळतं मला.
पण बोट गेलं ते बद्रीच्या नंबरावर.
तो पोलंडात ट्रक चालवतो.
बारा वर्षं नंबर होता, निमित्त नव्हतं.

खरखर. मग आवाज, जाडा झालेला.
मी नाव सांगितलं.
तो इतका वेळ गप्प, की वाटलं लाइन तुटली.
मग त्याने विचारलं, तेव्हा रोज विचारायचो तेच,
जिन्यातून, रस्त्यावरून, एकमेकांचे चेहरे न दिसता:
"लाइट आहे का तिकडे?"

"आहे," मी म्हणालो.
"बद्री, ऐक.
नुसतं बोट टोचायचं असतं."